पाजलेल्या सुताचा दिवा

परवा नातू विज्ञानाचं पुस्तक घेऊन दुकानात आला आणि गल्ल्याशेजारी बसून मोठ्याने पाठ करू लागला : विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला? पुढे एका अमेरिकन साहेबाचं नाव. एक प्रश्न, एक नाव, एक गुण. मी त्याच्या हातातून पुस्तक घेऊन मिटलं आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडले. तो बिचारा भाव कमी करा म्हणत होता, आणि घासाघीस तर मी स्वतः आयुष्यभर केलेली आहे. नागपूरच्या इतवारीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पिवळ्या बल्बपासून आताच्या एलईडीपर्यंत सगळी जात मी विकली आहे, आणि कंपनीच्या एजंटांना घाम फोडणारी बाई म्हणून मला बाजारात ओळखतात. त्या साहेबाचं नाव मी या प्रकरणात लिहिणार नाही. त्याला लिहून देणारे पुष्कळ आहेत. ज्यांची नावं लिहायची राहिली त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे, आणि त्यांच्यात मी स्वतःला धरते. कुणाला हा उद्धटपणा वाटला तर वाटो.

आमचं घर तांडापेठेत होतं. खोल्या दोन, आणि पुढची सगळी मागाने भरलेली. मागाखाली कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बाबूजी बसायचे आणि दिवसभर एका सुरात खटखट चालायची. माय आणि बाबूजी भांडायचे तेसुद्धा त्या खटखटीच्या फटींतून. धोटा इकडून तिकडे गेला की एक वाक्य, परत आला की त्याचं उत्तर. खटखट मध्येच थांबली की आम्ही मुली दचकायचो, कारण सूत तुटलेलं असायचं आणि बाबूजींचं डोकं फिरलेलं असायचं. तुमच्यात एवढा राग कुठून आला, असं माझी सून विचारते. त्या खोलीतून आला. मागच्या खोलीत चूल होती आणि चुलीशेजारी चरखा. धोट्यात घालायच्या सुताच्या छोट्या नळ्यांना आम्ही कांड्या म्हणायचो. त्या कांड्या माझी मोठी बहीण सरू त्या चरख्यावर भरायची. सातवी झाली तशी ती चरख्यावर बसली, आणि लग्न होऊन उमरेडला गेली तर सासरीही चरखाच होता. तिच्या बोटाला सुताने पाडलेली खाच होती, त्या खाचेत सुई ठेवली तर पडली नसती. सरू गेल्यावर घरातला चरखा रिकामा झाला, आणि त्याच्यावर आता कोण बसणार हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. शाळेतून आले की मी त्याच्याकडे पाठ करून जेवायची.

मागावर चढवायच्या आधी सूत पाजावं लागतं. म्हणजे त्याला तांदळाची खळ पाजायची. कच्चं सूत मागाचा ताण सोसत नाही, केसाळ होतं आणि तुटतं. पाजणीच्या दिवशी पहाटे माय मोठ्या गंजात खळ शिजवायची, तिचा आंबूस वास सगळ्या गल्लीत पसरायचा. ऊन चढायच्या आत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं सूत ताणून बांधलं जायचं, आणि आजूबाजूच्या घरांतले बायका-पुरुष दोन्ही बाजूंनी उभे राहून खळीत बुडवलेले कुंचे फिरवत पुढे सरकायचे. एकेक धागा सुटा राहिला पाहिजे, एकालाही दुसरा चिकटता कामा नये. सायकलवाले उतरून वाकून ताण्याखालून जायचे आणि कुणी तोंड वाकडं करायचं नाही. काम संपलं की ज्याचं सूत त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. आमच्याकडे बहुतेक पाटोडीचा रस्सा असायचा, जवसाच्या तेलातला, वर बोटभर लाल तर्री. मसाला माय पाट्यावर स्वतः वाटायची. आता नागपुरात त्या जेवणाची हॉटेलं झाली आहेत आणि लोक नाक पुसत पुसत कौतुक करतात. मला तिथे बसून जेववत नाही.

या पाजणीची एक रीत होती आणि माझ्या गोष्टीत सगळा घात तिनेच केला, म्हणून ती नीट सांगते. पाजलेल्या सुतावर कुणी आपलं नाव सांगायचं नाही. ‘मी पाजलं’ असं म्हणायचं नाही. ‘नत्थूजी, काय सूत पाजलं गा तुम्ही’ असं कुणी म्हटलं, तर बाबूजींचं उत्तर ठरलेलं : ‘गल्लीचा हात हाय.’ घरच्यांनाही तीच शिस्त. मी लहानपणी एकदा ‘हा पट्टा मी केला’ म्हणाले, तर माझ्या आजीने तिथल्या तिथे पाठीत धपाटा घातला. ‘मी’ म्हटलं की मागावर सूत तुटतं असा त्यांचा समज होता. शेजारी मजुरी घेत नसत, त्यांचे आभारही मानायचे नसत, मग निदान त्यांच्या कामावर आपलं नाव लावू नये, हा त्यातला विचार असावा. विचार चांगला आहे. पण तो गल्लीपुरता चांगला आहे. गल्लीबाहेरच्या माणसाला तो कळला की तो त्याचं काय करतो, ते मी पाहिलं.

तो बाहेरचा माणूस म्हणजे आमचे विज्ञानाचे मोहरील सर. ते शिकवायचे चांगले. हे मला कबूल करावं लागतं आणि करताना आजही जिवावर येतं. दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी विषय निवडला विजेच्या दिव्याचा इतिहास, आणि तो त्यांनी आम्हाला असा सांगितला की मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. ते म्हणाले, त्या साहेबाच्या कितीतरी आधी एका इंग्रज शास्त्रज्ञाने कोळशाच्या दोन काड्यांमध्ये विजेचा झगझगीत उजेड पाडून दाखवला होता. मग लोकांनी प्लॅटिनमची तार तापवून पाहिली. उजेड मिळाला, पण तार अतिशय महाग, आणि जास्त तापली की वितळायची. मग आणखी एका इंग्रजाने कागद जाळून कोळशाची पट्टी केली आणि काचेच्या भांड्यात ठेवली. ती पेटायची, पण भांड्यात राहिलेली हवा तिला खाऊन टाकायची. पुढे एकाने पाऱ्याचा पंप काढला, त्याने भांड्यातली हवा नीट उपसता येऊ लागली, आणि तेव्हा कुठे गाडी पुढे गेली. अमेरिकेतल्या साहेबाच्या कारखान्यातही तो एकटा नव्हता. काच फुंकणारा वेगळा, पंपावर बसणारे वेगळे, हजार वस्तू जाळून बघणारे वेगळे. असं करता करता त्यांनी शिवणकामाचा साधा सुती दोरा जाळून कोळसा केला, आणि तो दिवा अर्ध्या दिवसाहून जास्त चालला. तिकडे त्या कागदाच्या पट्टीवाल्या इंग्रजाचाही दिवा लागला होताच. शेवटी साहेबाला इंग्लंडात त्याच्याशी भागीदारी करावी लागली.

‘दिवा पुष्कळांनी लावला,’ सर म्हणाले होते, ‘आणि जग एकालाच ओळखतं. हा अन्याय आहे.’ हे शब्द माझ्या कानांनी ऐकलेले आहेत. बाकीच्यांची नावं त्यांनी फळ्यावर लिहिली आणि आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावली. पळून आलेल्या गुलामांच्या पोटी जन्मलेल्या एका माणसाने कोळशाची तार जास्त टिकाऊ करण्याची रीत काढली, हे मात्र सरांनाही ठाऊक नसावं. ते मला फार नंतर, दुकानात येणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरकडून कळलं, आणि त्या दिवशी मी त्याला चहा पाजला.

आमच्या संस्थेत एक नियम होता. ज्याचा प्रयोग जिल्ह्यातून राज्याच्या प्रदर्शनाला, पुण्याला, जाईल, त्याला अकरावी सायन्सची फी माफ. मी घरी येऊन बाबूजींना सांगितलं. धोटा थांबवून ते म्हणाले, ‘फी माफ झाली तर जाय. नाही झाली तर चरखा हाय.’ एवढंच बोलणं झालं. मी त्यांना दोष देत नाही. पॉवरलूमच्या साड्या बाजारात आल्या होत्या आणि आमच्या मागाची खटखट आधीच हळू झाली होती.

सरांनी कॉलेजातून घंटेच्या आकाराचं काचेचं भांडं आणि हाताने फिरवायचा पंप उसना आणला. ट्रकच्या बॅटऱ्या एका गॅरेजवाल्याने दिल्या. राहिला दोरा. सर बाजारातलं शिवणाचं रीळ आणून त्याचे तुकडे नालेसारखे वाकवायचे, झाकणाच्या डब्यात कोळशाच्या भुकटीत दाबायचे आणि डबा तापवायचे. दोरा काळा व्हायचा, पण चिमट्याने उचलला की त्याची राख. रोज शाळा सुटल्यावर हे चालायचं. आम्ही प्रयोगाला दोघं होतो, मी आणि दिलीप. दिलीप हा सरांच्या बहिणीचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे इतिहासाचा तक्ता त्याच्याकडे होता. त्याने प्रत्येक शास्त्रज्ञाला सारखीच दाढी काढली होती. मी विचारलं तर म्हणाला, ‘तेव्हा सगळे ठेवायचे.’

एक दिवस राखेकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सर, याला खळ नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे हा पाजलेला नाही. न पाजलेलं सूत ताण कसा सोसेल?’

सर हसले. ‘अगं, आपल्याला लुगडं विणायचं नाही, दिवा लावायचाय.’

पण त्यांच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. मी घरून पाजलेलं सूत नेलं. ते जळूनही उचलता आलं, तारेला जोडता आलं, बॅटरी लावताच लालभडक झालं आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत तुटलं. सर म्हणाले, जमणार नाही. मी घरी येऊन मायला म्हटलं, दोनदा पाजलं तर? माय म्हणाली, दोनदा पाजलं तर सूत काडीसारखं होते, मोडते. बाबूजी म्हणाले, येडी झाली का तू, असं कोणी करत नाही. मी केलं. जास्त घट्ट खळ माझ्या हाताने शिजवली, मूठभर सूत दोन खिळ्यांवर ताणलं, एकदा पाजून सावलीत वाळवलं आणि पुन्हा पाजलं. गल्लीतलं एकही माणूस त्याला शिवलं नव्हतं. कोळशाच्या भुकटीत सूत दाबलेला डबा मायने चुलीत ठेवला, झाकणाला चिकणमाती लिंपली आणि मला बजावलं, ‘थंडा होईपर्यंत हात लावू नको वं. गरम उघडशील तर हवा त्याले खाऊन टाकीन.’ माझ्या मायला शाळा माहीत नव्हती. हवा कोळशाला खाते हे तिला चुलीने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी पंप फिरवला, दिलीपने खिडक्या लावल्या आणि मी तार टेकवली. काचेत आधी एक लाल रेघ दिसली, मग नारिंगी, मग तिच्याकडे सरळ बघवेना. खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडावर पिवळा उजेड पडला. सरांचा हात पंपावर तसाच राहिला होता. दिवा सात मिनिटं चालला. त्यानंतर मी किती दिवे लावले आणि विकले असतील याला गणती नाही, पण तेवढं गप्प मला कुठल्याच दिव्याने केलं नाही. सर म्हणाले, ‘शकुन, हे तुझं आहे. प्रदर्शनाच्या पाटीवर तुझं नाव पहिलं.’

पुढच्या आठवड्यात आमची पाजणी होती. सर मुद्दाम बघायला आले. ताण्याच्या बाजूने चालले, कुंचा हातात घेऊन पाहिला, रश्श्याने डोळ्यांत पाणी येईपर्यंत जेवले. जेवताना म्हणाले, ‘नत्थूजी, हात आहे तुमचा.’ बाबूजी म्हणाले, ‘माहा नाही सर, गल्लीचा हात हाय.’ सरांनी कुतूहलाने विचारलं आणि बाबूजींनी सगळी रीत त्यांना समजावून सांगितली, आजीच्या धपाट्यासकट. सर खूप हसले. मी पुन्हा पुन्हा हे लिहिते आहे असं वाटेल, पण वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. सरांना रीत माहीत होती. आमच्याच पाटावर बसून त्यांनी ती ऐकलेली होती.

जिल्ह्याचं प्रदर्शन सीताबर्डीतल्या एका मोठ्या शाळेत भरलं. तिथे आल्यावर कळलं की एका प्रयोगाबरोबर एकच विद्यार्थी पुण्याला जाणार, आणि तो परीक्षक ठरवणार. आमच्या पाटीवर दोन नावं होती, दिलीपचं आणि माझं. माझं खाली होतं. बाबूजी धुतलेला सदरा घालून आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. परीक्षक म्हणजे कॉलेजातले एक वयस्कर प्राध्यापक. त्यांनी दिलीपचा तक्ता वाचला, मला दिवा लावायला सांगितला आणि तो चालू असेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, ‘हा बाजारचा दोरा नाही. बाजारचा एवढा टिकत नाही. कुणी केला?’

मी म्हटलं, ‘आमच्या घरचा आहे सर. दोनदा खळ दिलेला.’

‘कुणी दिली?’

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मोहरील सर पुढे झाले आणि म्हणाले, ‘तिचे वडील इथेच आहेत. जाणकार विणकर आहेत. त्यांनाच विचारा ना.’

परीक्षक भिंतीकडे वळले. ‘सूत तुम्ही तयार केलंत?’

बाबूजींनी हात जोडले. ‘नाही साहेब. माह्या एकट्याचं काय हाय त्याच्यात. गल्लीचा हात हाय.’

‘आणि या मुलीने काय केलं?’

मी बाबूजींकडे पाहत होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. दोन खिळे कुठे ठोकले हेसुद्धा माहीत होतं, कारण हातोडी त्यांचीच होती. ते म्हणाले, ‘पोट्टी काय करते साहेब. घरातलं उचलून शाळेत नेऊन देलं तिनं.’

परीक्षकांनी मान हलवली आणि लिहिलं. लिहिता लिहिता सरांना म्हणाले, ‘म्हणजे कल्पना तुमची.’ सर काही बोलले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. दुपारी निकाल लागला. प्रयोग पहिला, पुण्याला दिलीप.

घरी जाताना मी बाबूजींच्या सायकलवर बसले नाही. सीताबर्डीपासून तांडापेठेपर्यंत चालत आले आणि वाटेत जो दिसेल त्याचा मला राग येत होता, भाजीवाल्याचा, रिक्षावाल्यांचा, पुतळ्यांचाही. बाबूजी सायकल हातात धरून माझ्या मागे चालत होते. घरी मी भांडले. त्यांचं एकच म्हणणं, पाजलेल्या सुतावर नाव घेता येत नाही. मी म्हटलं, ते गल्लीनं पाजलं नव्हतं, मी पाजलं होतं. ते म्हणाले, तेच तर. रीत सगळ्यात जास्त तेव्हाच सांभाळा लागते.

आज मी बाजारात लोकांना पाहते. कोऱ्या कागदावर सही करणारे, ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणारे, दुसऱ्याचा माल आपला म्हणून विकणारे. पहिल्या दोघांना मी ओरडते आणि तिसऱ्याला दुकानात उभं करत नाही. मोहरील सर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पानं आहेत, ‘सुती दोऱ्याचा दिवा उजळवणारे शिक्षक’. मला वर्गणी मागायला आलेल्या लोकांनीच ती दाखवली. मी वर्गणी दिली नाही आणि का नाही तेही सांगितलं. ते एकमेकांकडे बघत बाहेर गेले.

प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांनी सर घरी आले. पुण्याला जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्यांना सूत हवं होतं. पुण्यात दिवा दिवसातून अनेकदा लावून दाखवायचा होता आणि त्यांनी स्वतः पाजून पाहिलेलं सगळं फुकट गेलं होतं. मायने चहा ठेवला. बाबूजी मागावरून उठून आले. मी दारात उभी राहिले आणि माझ्या आयुष्यातला पहिला सौदा केला.

‘सर, सूत देते. पाटीवर माझं नाव लिहा.’

‘नाव एकच जातं ग, नियम आहे. माझ्या हातात नाही.’

‘मग दिलीपचं काढा.’

‘आता कसं काढणार? वरून शिक्कामोर्तब झालंय.’

‘खाली बारीक अक्षरात लिहा. सूत शकुनने पाजलं. एवढंच.’

सरांनी कप खाली ठेवला. ‘बघतो,’ ते म्हणाले.

‘बघतो नको. लिहितो म्हणा.’

‘शकुन,’ बाबूजी म्हणाले, ‘घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का वं? काहून भांडून राहिली? आण सूत.’

मी मागच्या खोलीत गेले. दोनदा पाजलेल्या सुताची माझी जुडी भिंतीवरच्या खिळ्याला होती. शेजारी टोपलीत कच्ची लडी होती, विणकरांच्या सोसायटीतून आली तशीच. मी लडीतला झुपका कापला, घडी घातली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधला आणि सरांच्या हातात दिला. त्यांनी पुडी उघडून पाहिली नाही. जाताना ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आले. मी डोकं बाजूला घेतलं.

मी खूश होते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पुण्यात मोठमोठ्या लोकांसमोर सर डब्यातून दोरा चिमट्याने उचलतील आणि त्याची राख पडेल, हे मी डोळ्यांसमोर आणून आणून पाहिलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण पुण्यात दिवा लागला. पेपरात फोटो आला, सर, दिलीप आणि मध्ये काचेचं भांडं. दिलीपला फी माफ झाली. तो पुढे इंजिनिअर झाला आणि एकदा दुकानात येऊन म्हणाला, मी मामाला सांगितलं होतं, तुझं नाव घाला म्हणून. मी त्याला विचारलं, मोठ्याने सांगितलं होतंस का? तो काउंटरवरचा एक बल्ब हातात घेऊन बघू लागला. जूनमध्ये मी चरख्यावर बसले. माझ्याही बोटाला खाच पडली. लग्नानंतर नवऱ्याच्या हातगाडीवर होल्डर आणि बटनं विकत विकत मी इतवारीपर्यंत आले, ते पुढे येईलच. आता दिवा कसा लागला ते सांगते.

सर पुडी घेऊन गेल्यावर बाबूजी मागच्या खोलीत पाणी प्यायला आले. भिंतीवरच्या खिळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी माझी जुडी काढली, बोटांत धरून फिरवली, मग टोपलीतली लडी उचलून तिचं कापलेलं टोक पाहिलं. सदरा चढवला, जुडी खिशात घातली आणि सायकल काढली. मला उशिरा उमगलं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत धावले तोवर ते दिसेनासे झाले होते. बाबूजी परत आले तेव्हा मी ओट्यावर बसले होते.

‘कुठं गेले होते?’

‘सरांकडं. पुडी बदलून देली.’

‘काहून?’

‘त्याच्यात कच्चं सूत होतं. माह्या घरातून कच्चं सूत ताणावर चढवाले आजवर कधी गेलं नाही.’

‘मले माहीत होतं ते कच्चं हाय. म्हणूनच देलं.’

बाबूजींनी सायकल भिंतीला लावली, पायातल्या चपला काढल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मलेही माहीत हाय. पण सरांले मी सांगितलं, पोट्टीच्या हातून चुकून गेलं. तुहं नाव खराब नको व्हाले.’

माझं नाव. पाटीवर, पेपरात, संस्थेच्या रजिस्टरात कुठेही नसलेलं ते नाव खराब होऊ नये म्हणून ते धावत गेले होते. दोनदा पाजलेलं सूत गल्लीचं झालं होतं, दिवा सरांचा झाला होता, पुणं दिलीपचं झालं होतं. एकच गोष्ट मी सगळी माझ्या डोक्याने आणि माझ्या हाताने केली होती, आणि तीसुद्धा माझ्या बापाने माझ्याकडून काढून घेतली. मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले नाही. बोललेच नाही, पाजणीचे दोन दिवस येऊन गेले तरी.

ते कच्चं सूत चुकून गेलं नव्हतं. मी दिलं होतं. समजून, निवडून, कापून, पुडी बांधून दिलं होतं. हे लिहून ठेवते आणि खाली नाव घालते : शकुन, नत्थूजी विणकराची धाकटी मुलगी, तांडापेठ, नागपूर.